डावीकडे दिसतं ते

काका बोलताना दोन्ही हात वापरायचे, पण दोन्ही एका वेळी कधीच नाहीत. डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं असलं की डावा हात वर यायचा. स्वतःला वाटणारं सांगायचं असलं की उजवा. मधल्या वेळात दोन्ही हात मांडीवर. नवख्या माणसाला वाटायचं, हे गृहस्थ कवायत करताहेत.

"दिसतं," डावा हात वर, "की तुझी छत्री कोरडी आहे." हात मांडीवर. "वाटतं," उजवा हात वर, "की बाय आज कॉलेजला गेलीच नाही." बाय म्हणजे मी.

आम्ही त्यांचे भाडेकरू. वसईत होळी नावाच्या भागात त्यांची वाडी. केळी, थोडी पानवेल, सोनचाफ्याची दोन झाडं आणि मागच्या अंगाला बावखल, म्हणजे वाडीच्या पाण्यासाठी पूर्वजांनी खणलेलं तळं. घराच्या वरच्या मजल्यावर काका आणि त्यांची बहीण राहायचे. दोघांचंही लग्न झालेलं नव्हतं. बहिणीला मी आत्या म्हणायचे. दोघं आपसात वाडीतल्या जुन्या बोलीत बोलत आणि आम्ही दिसलो की पुस्तकी मराठीवर येत. खालच्या दोन खोल्यांत आई आणि मी.

काकांच्या हातांची सगळ्या गावाला सवय झाली होती. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबात लग्न होतं तेव्हा मांडवात कुणीतरी म्हणालं, "काका, जोडी किती खूश दिसते ना?" काकांचा डावा हात वर आला. "दात दिसतात," ते म्हणाले, "खूश हे उजवीकडचं." नवऱ्याच्या बापानं ते ऐकलं आणि तो हसत सुटला. तो त्यांचा शाळेतला मित्र होता.

कोळीवाड्यातून एक मावशी पाटी घेऊन यायची, तिच्याशी तर रोजचं भांडण. काका बोंबील उचलून बघायचे. "दिसतं, डोळा चकचकीत आहे. वाटतं..."

"वाटतं काय, ताजाच हाय," मावशी म्हणायची. "नुसता हात हालवतोस दादा, मी काय ट्रॅफिकमधी उभी हाय? घे नायतर पानी मार तोंडावर नि जा घरात."

"वाटतं, ताजा आहे," काका शांतपणे वाक्य पुरं करायचे आणि मगच घ्यायचे.

ते वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. नोकरीभर त्यांनी दुकानादुकानांत जाऊन वजनं तपासली होती. लोखंडी वजनाच्या बुडाशी एका भोकात शिसं भरलेलं असतं, त्या शिशावर सरकारी शिक्का उठवतात. वजन खरं असेल तर शिक्का, नसेल तर जप्ती. या दोनांच्या मधे तिसरं काही नाही. "खोट्या वजनावर मी कधी शिक्का मारला नाही," असं ते सांगायचे, पण अभिमानानं नव्हे. आपला रक्तगट सांगावा तसं.

त्याच वजनांच्या वाटेनं ते सिंधू संस्कृतीत शिरले. एका वस्तुसंग्रहालयात त्यांनी त्या लोकांची वजनं पाहिली, दगडाचे छोटे गुळगुळीत घन, एकाच्या दुप्पट दुसरा, दुसऱ्याच्या दुप्पट तिसरा. काका काचेसमोरून हलेनात. शेवटी रखवालदारानं बाहेर काढलं. घरी आल्यावर ते आत्याला म्हणाले, "ज्यांची वजनं इतकी खरी, त्यांनी लिहून काय ठेवलं असेल?"

लिहून ठेवलेलं काय आहे ते आजपर्यंत कुणालाही वाचता आलेलं नाही. बोटाच्या पेराएवढ्या, फार तर आगपेटीएवढ्या दगडी मुद्रा. त्यांच्यावर एखादा प्राणी आणि वरच्या बाजूला चारपाच चिन्हांची एक ओळ. वाचल्याचे दावे मात्र पुष्कळ. काकांनी दावा केला नाही. त्यांनी फुलस्केप कागद घेतला, मधोमध पट्टीनं रेघ मारली आणि डावीकडे लिहिलं, "दिसतं", उजवीकडे लिहिलं, "वाटतं". बारा-पंधरा वर्षं ते हेच करत होते.

डावीकडे: मासा, त्याच्या आधी सहा उभ्या रेघा. उजवीकडे: कृत्तिकेच्या सहा तारका? डावीकडे: मासा, आधी सात रेघा. उजवीकडे: सप्तर्षी? मासा म्हणजे तारा असू शकेल असं काही अभ्यासकांनी पूर्वीच सुचवलेलं आहे, कारण दक्षिणेकडच्या जुन्या भाषेत दोघांना एकच शब्द. काका ते सांगायचे, पण उजव्या हातानं, आणि लगेच म्हणायचे, "पण ही माणसं कुठली भाषा बोलत होती, हे कुणी ऐकलंय?" एका मुद्रेवर खालच्या बाजूला सात आकृत्या ओळीनं उभ्या आहेत. मी एकदा म्हटलं, "या सात बायका म्हणजे कृत्तिका असतील का?" काका म्हणाले, "बायका कुठं दिसल्या तुला? वेणी दिसते."

एक चिन्ह त्यांना छळायचं. माशाच्या डोक्यावर छपरासारखी खूण. त्याच्यासमोर उजव्या रकान्यात नुसतं एक प्रश्नचिन्ह. "विद्वानांना वाटतं, छपराचा शब्द त्या जुन्या भाषेत 'काळा'सारखा, म्हणून हा काळा तारा, शनी," ते म्हणायचे, "मला काहीच वाटत नाही अजून."

त्यांचं सगळं वाटणं जोडलं तर एक सुंदर गोष्ट तयार व्हायची. या मुद्रा म्हणजे कुठल्या राजाच्या आज्ञा नाहीत. त्यांच्यावर ऋतू आहेत. कोणता तारा पहाटे दिसला की नांगरायचं, कोणता दिसला की नदीला पूर येईल, कोणत्या महिन्यात कुठला माल निघेल. त्या वेळच्या साध्या माणसांचं आकाशावरून चालणारं वर्ष.

एकदा मृगाच्या तोंडावर ते आम्हाला चिंचोटीच्या धबधब्याकडे घेऊन गेले. वसईत आता रात्रसुद्धा पिवळी असते, तारे टॉवरच्या दिव्यांत विरघळतात, म्हणून पहाटे अंधाराच्या बाजूला जायचं. रिक्षात काका, आत्या, आई आणि मी. आत्याच्या मांडीवर चहाचा थर्मास. पाऊस सुरू व्हायचा होता, धबधबा म्हणजे नुसते कोरडे दगड, म्हणून माणूसही नव्हता. कृत्तिका सूर्याच्या आधी उगवताना बघायच्या होत्या. आम्ही पूर्वेकडे तोंड करून बसलो. उजाडलं. काहीच दिसलं नाही.

काकांचा डावा हात वर आला. "दिसतं: ढग."

आत्या म्हणाली, "हे घरून पण दिसलं असतं."

मग उजवा हात वर आला. मी तो तसा पुन्हा पाहिला नाही. खांद्याच्याही वर, बोटं पसरलेली. "वाटतं," ते म्हणाले, "की मुद्रा कोरणाऱ्यालाही ढगच दिसले असतील. म्हणून त्यानं दगडावर कोरलं. रोज दिसतं ते माणूस कशाला कोरेल, बाय? जे दिसेनासं होतं ते कोरतो." हात बराच वेळ वरच राहिला. आईनं मला हळूच कोपरानं ढोसलं. "हे लिहून घे," ती कुजबुजली, "मथळा आहे हा."

आईला सगळीकडे मथळे दिसायचे. ती वसई कोर्टाबाहेरच्या टायपिंगच्या दुकानात प्रतिज्ञापत्रं टाइप करायची आणि संध्याकाळी आमच्या मंडळाची पत्रकं. आमचं मंडळ म्हणजे सातआठ माणसं, बुवाबाजीच्या आणि भविष्यबिविष्याच्या विरोधात. माझं पहिलं वाचन पत्रकांवर झालं. बाराखडीनंतर मी थेट 'जाहीर निषेध' वाचायला शिकले. "पुरावा द्या" हे आमच्या घरातलं सगळ्यात लाडकं वाक्य होतं. भाजीवाल्यालासुद्धा आम्ही ते म्हणायचो.

त्या वर्षी वसईतल्या एका ज्योतिष मंडळानं पत्रक काढलं. सिंधूच्या मुद्रा म्हणजे जन्मपत्रिका आहेत, म्हणजेच भविष्य सांगण्याची विद्या आपल्याकडे पहिल्यापासून आहे, असं त्यात होतं. आई ते वाचून घरभर फिरली. मग वर गेली आणि काकांना म्हणाली, "दादा, तुमचे कागद द्या. यांना उत्तर द्यायचंय. त्या मुद्रांवर पत्रिका नाहीत, कुणब्यांचं वर्ष आहे, हे लोकांना कळू दे."

"दिसतं ते आणि वाटतं ते, दोन्ही छापणार ना, ताई?"

"हो, हो."

काकांनी तीन कागद दिले. वजन तपासून दुकानदाराला परत द्यावं तसे दोन्ही हातांनी दिले.

खाली आमच्या खोलीत मंडळ बसलं होतं. कुणीतरी म्हणालं, "दोन रकाने कोण वाचणार? लोक अंगठ्यानं वर सरकवतात." आईनं पहिला कागद घेतला, मधल्या रेघेवर दुमडला आणि नखानं घडी दाबली. उजवी बाजू वर आली. "वाच," ती मला म्हणाली. मी वाचत गेले, ती टाइप करत गेली. "प्रश्नचिन्ह?" मी विचारलं. "नको," आई म्हणाली, "प्रश्नचिन्ह म्हणजे समोरच्याला दिलेली सुट्टी." सगळे हसले. मीही हसले. वाक्य खरंच चांगलं होतं.

मथळा होता, "पाच हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचं पंचांग उलगडलं". खाली काकांचं नाव आणि "निवृत्त शासकीय अधिकारी". शेवटी, "हे आता सिद्ध झालं आहे."

छापखान्यातून उरलेले गठ्ठे आले तेव्हा काका आमच्या दारात उभे होते. त्यांनी एक पत्रक उचललं. चष्मा लावला. वाचून झाल्यावर उलटं करून मागची बाजू बघितली. परत पुढची.

"उजवी बाजू छान आली आहे," ते म्हणाले. "डावी कुठं गेली?"

"दादा, पत्रकाला दोनच बाजू असतात," आई म्हणाली, "पुढची आणि मागची."

काका हसले. त्यांना विनोद कळायचा. मग म्हणाले, "साडेचार हजारांचे पाच हजार केलेत. वजनात एवढा फरक असता तर मी दुकान सील केलं असतं." आणि जरा थांबून, "वाटू नका हे."

"अर्धे वाटून झाले."

त्यांनी पत्रकाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. कुठलाच हात वर न करता ते जिना चढून गेले. त्या दिवशी आईला वाटलं, काका चिडलेत, दोन दिवसांत विसरतील. काका विसरले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कापडी पिशवी घेऊन जप्तीला निघाले.

मला वाटतं, असं दुसऱ्या कुणी केलं नसतं. दुसऱ्यानं खुलासा लिहिला असता, भांडण केलं असतं, नाहीतर मनातल्या मनात सुखावला असता. काका मात्र निरीक्षक. आपलं नाव ज्यावर आहे ते वजन खोटं निघालं, तर बाजारातून ते उचलायचं, एवढंच त्यांना माहीत. एसटी स्टँड, न्हावी, झेरॉक्सचं दुकान, चर्चच्या बाहेरचा बाकडा, जिथं जिथं आमची पत्रकं गेली होती तिथं ते गेले. "हे माझ्या नावाचं आहे, परत द्या." लोक देत होते. कोण नाही म्हणणार? न्हाव्यानं विचारलं, "काका, चुकीचं काय आहे यात?" काका म्हणाले, "चुकीचं नसेलही. तेच माहीत नाही."

आईनं मला त्यांच्यामागे पाठवलं, ऊन फार आहे म्हणून. मी पिशवी धरली. आपण वाटलेलं पत्रक दुसऱ्याच्या पिशवीत भरायचं काम मी त्या आधी कधी केलं नव्हतं. चारपाच दिवसांत पिशवी बऱ्यापैकी भरली. आणि मग रिक्षा स्टँडवर एका पोरानं मोबाइल पुढे केला. पत्रकाचा फोटो होता.

"हा पण काढ," काका म्हणाले.

"माझा काढला तरी काय काका, सगळ्या ग्रुपवर गेलाय."

"तिथून काढता येत नाही?"

"टाइम गेला त्याचा. आता डिलीट फॉर एव्हरीवन होत नाय." पोरगा चांगला होता. त्याला वाईट वाटलं. "टेन्शन नका घेऊ, कोण वाचतंय."

काकांनी मोबाइल त्याच्या हातात परत दिला. पिशवी माझ्याकडून घेतली आणि घरी निघाले. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, चालताना त्यांचा उजवा हात खिशात होता.

वाचणारे होते. ज्योतिष मंडळानं वाचलं. त्यांना तर घबाड मिळालं. आमच्याच पत्रकाचा आधार घेऊन त्यांनी जाहीर केलं की विरोधकांनाही कबूल आहे, पंचांग त्या काळापासून आहे, आणि पंचांग आलं की पत्रिका आली. त्यांच्या वार्षिक कार्यक्रमात काकांचा सत्कार ठरला. निमंत्रण द्यायला अध्यक्ष स्वतः पेढे घेऊन आले. आणि काकांनी ते स्वीकारलं.

आई पेटली. "शाल दिसली की सगळे सारखेच," ती म्हणाली. आत्या जिन्यावरून ऐकत होती. ती खाली आली नाही, फक्त म्हणाली, "त्याच्याकडं चार शाली आहेत. एकही वापरत नाही."

मी वर जाऊन काकांना विचारलं, तुम्ही का जाताय? ते म्हणाले, "खोटं वजन जिथं वापरात आहे, निरीक्षकानं तिथंच जायचं असतं, बाय."

सभागृह भरलेलं होतं. आम्ही मागच्या रांगेत, आईच्या मांडीवर नव्या पत्रकांचा गठ्ठा. काका गद्दार निघाले तर उठायचं आणि वाटायला लागायचं, असं ठरलं होतं. आई सभेत उठायला कधी घाबरली नाही. महापालिकेच्या सभेत, शाळेच्या पालकसभेत, एकदा तर एका बुवाच्या प्रवचनात ती उठली होती. माझं लहानपण तिच्या उठण्याकडे बघत गेलं आहे.

अध्यक्षांनी आमचं पत्रक मोठ्यानं वाचलं. "सिद्ध झालं आहे" यावर टाळ्या पडल्या. ते शब्द आमचे होते आणि त्यांच्या तोंडात किती नीट बसत होते. काकांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. काकांनी नारळ टेबलावर ठेवला आणि ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले. डावा हात वर आला.

"दिसतं," ते म्हणाले, "एक मासा. माशाच्या आधी सहा रेघा." लोक वाट बघत होते. "दुसऱ्या मुद्रेवर, एक मासा. आधी सात रेघा. तिसऱ्या मुद्रेवर एक झाड, झाडात एक आकृती, खाली सात आकृत्या." असं ते बराच वेळ सांगत राहिले. फक्त डावीकडचं. मुद्रा, रेघा, शिंगं, वेण्या, चाकासारखी खूण. जे पत्रकातून आम्ही घडी घालून काढलं होतं, ते सगळं.

अध्यक्ष हसत म्हणाले, "आणि काका, याचा अर्थ?"

मी उजव्या हाताकडे बघत होते. तो शालीखाली होता.

"अर्थ मला माहीत नाही," काका म्हणाले. "कुणालाच माहीत नाही."

"ही यांची विनम्रता," अध्यक्ष सभेला म्हणाले.

"विनम्रता नाही. माझ्या नावानं जे फिरतंय ते खोटं वजन आहे. मी ते परत घेतो. छापताना डावी बाजू राहून गेली. दोष छापणाऱ्यांचा नाही. शिक्का उठायच्या आधी तपासायचं काम माझं होतं, मी ते केलं नाही. तुम्ही त्याच्यावर काही तोलू नका. त्यांनीही तोलू नये."

'त्यांनीही' म्हणताना त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी शालीची घडी घातली, नारळाशेजारी ठेवली आणि खाली उतरले. टाळ्या पडल्या नाहीत. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हातारा सटकला."

ही वेळ होती. उठून एकच वाक्य बोलायचं होतं: राहून गेली नाही, आम्ही काढली. आईच्या मांडीवर गठ्ठा होता आणि गठ्ठ्यावर तिचे दोन्ही हात. ती उठली नाही. मीही तिच्याच शेजारी बसले होते, मलाही तोंड होतं. पुढच्या रांगेतल्या बाईनं वळून विचारलं, "छापणारे कोण हो?" आई म्हणाली, "काय माहीत."

घरी चालत येताना ती एकदम भडकली. "त्यांना कुणी सांगितलं होतं स्वतःवर घ्यायला? मी मागितलं होतं?" ज्यांच्याविरुद्ध लढायचं त्यांच्यासमोर आम्हाला कधी लाज वाटली नव्हती. लाज वाटायला समोर असा माणूस लागतो, जो भांडतच नाही.

त्यानंतर काकांचा उजवा हात खिशात गेला तो गेलाच. जेवायला, दार उघडायला, पैसे द्यायला बाहेर यायचा, पण बोलताना नाही. "दिसतं, ढग आले आहेत," एवढं म्हणून थांबायचे. आपण वाट बघायचो, पुढे काही नाही. मावशी पाटी उतरवून म्हणायची, "दादा, उजवा हात मोडला काय? दिसतो तं धड." काका बोंबलाचा डोळा दिसतो एवढंच सांगायचे आणि तिच्या शब्दावर घेऊन टाकायचे. तिला ते आवडलं नाही. भांडणाशिवाय विकलेला मासा तिला फुकट गेल्यासारखा वाटायचा. आत्यानं मला एकदा सांगितलं, "रात्री बसतो कागद घेऊन. रेघ मारतो. डावीकडे लिहितो. उजवीकडे पेन ठेवून बसून राहतो."

पत्रकानं खोटं पसरलं, हे वाईटच झालं. पण खोटं रोज पसरतं, आमचं त्यात एक. एका माणसाला अंदाज करायची भीती वाटायला लागली, हे मात्र आम्ही एकट्यांनी केलं. चिंचोटीला वर गेलेला तो हात मला आठवतो. आपण त्या हाताचा मथळा केला.

आईनं खुलासा लिहायचं ठरवलं. आठवडाभर लिहीत होती आणि फाडत होती, कारण तिच्या हातून येणारं प्रत्येक वाक्य घोषणा व्हायचं. 'जाहीर खुलासा' लिहिलं की पुढे आपोआप 'ठणकावून' यायचं. शेवटी ती वर गेली. मी तिच्यामागे.

"दादा, तो डावा रकाना द्या. जसाच्या तसा छापते. मला शब्द नकोत."

काकांनी कागद दिले. आईनं बघितलं. रेघेच्या उजवीकडे सगळं खोडलेलं होतं. "आणि उजवा?"

"आता काही वाटत नाही, ताई," काका म्हणाले. ते रागानं म्हणाले असते तर आईला उत्तर आलं असतं.

तिनं तसंच छापलं. डावीकडे चिन्हांची चित्रं आणि "दिसतं", मधे रेघ, उजवीकडे "वाटतं" हे शीर्षक आणि खाली कोरा कागद. तळाशी एकच ओळ: मागच्या पत्रकात डावी बाजू आम्ही काढली होती. खाली तिचं नाव आणि माझं. लोकांना वाटलं छपाई फसली. कोऱ्या बाजूवर कुणी फोन नंबर लिहिले, कुणी किराणा. एवढं कमी वाचलं गेलेलं पत्रक आम्ही दुसरं काढलं नाही.

काही महिन्यांनी आम्ही विरारला राहायला गेलो. कोर्ट वसईत, आईचं दुकान वसईत, माझं कॉलेज वसईत, आणि आम्ही विरारला. कुणी विचारलं की आई सांगते, तिकडे पाणी बरं येतं. पाण्यासाठी कुणी विरारला जात नाही.

निघायच्या दिवशी टेम्पो फाटकात उभा होता. आत्यानं केळीचा घड दिला आणि आईचा हात बराच वेळ धरून ठेवला. काका ओट्यावर उभे, उजवा हात खिशात. तेवढ्यात मावशी आली. तिनं पाटी उतरवली आणि मासे बांधायला कागद काढला. आमचं ते कोरं पत्रक होतं. अर्धा गठ्ठा बहुतेक तिच्याकडेच गेला असावा.

तिनं कागद उलगडला आणि बोट ठेवलं. "दादा, ह्या माश्याच्या डोक्यावर काय रं?"

डावा हात वर आला. "दिसतं, छपरासारखी खूण."

"खूण कसली. झाकलाय त्याला."

"झाकलाय हे तुला वाटतं."

"मग वाटतंय. वाटायला काय तुला विचारू?" मावशीनं पाटीतल्या खालच्या माशांवरचं ओलं फडकं उचलून दाखवलं. "हा बघ. झाकला म्हंजे आजचा नाय. उद्याला ठेवलाय. वरचा आजचा, झाकलेला उद्याचा. तुझ्या त्या लोकांना काय उद्या नव्हता?"

काका तिच्याकडे बघत राहिले. मग कागदाकडे. मासा, त्याच्यावर छप्पर, आणि समोर मोकळी जागा. मी टेम्पोत चढत होते. आई आधीच पुढच्या सीटवर होती, चालकाच्या शेजारी, तोंड रस्त्याकडे. टेम्पो सुरू झाला. मी मागे वळले. काकांचा उजवा हात खिशातून बाहेर आला होता. तो वर यायला लागला, कमरेएवढा, मग छातीएवढा. फाटकाचा खांब आड आला.

तो हात आम्हाला निरोप द्यायला असेल. मावशीला पैसे द्यायला असेल. कागद नीट धरायलाही असेल.

तामतलावाच्या वळणावर आईनं न बघता विचारलं, "काय म्हणत होती मावशी? काकांनी हात काढला का?"

"काढला."

"मग? काय वाटतं तुला?"

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. मला काही वाटत नाही असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्या क्षणी तर फारच वाटत होतं, आणि त्याचा मथळासुद्धा तयार होता.

मी डावा हात वर केला.

"दिसलं," मी म्हणाले, "की हात छातीपर्यंत आला."

आई पुढे बघत राहिली. उजवीकडचं तिनं विचारलं नाही.